कार्डाचं व्याज शेकड्यात मोजा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे अर्ज ही नेहमीची कामं. अलीकडे त्यात एक वाढलंय, लोकांच्या मोबाइलवर आलेली बिलं वाचून दाखवायचं. २०२४ च्या सप्टेंबरात, पोळा होऊन गेल्यावर, आमच्या गल्लीतले एक काका क्रेडिट कार्डाचं बिल घेऊन आले.

"भाऊ, चार महिने झाले, दर महिन्याले तीन हजार भरून राह्यलो. एकही हप्ता चुकवला नाई. बारा हजार गेले, अन् साठ हजारातले कमी झाले फक्त बावीसशे. बाकीचे गेले कुठी?"

मी बिल उघडलं. व्याजदर ३.५ टक्के लिहिलेला. काकांना तो आकडा पाठ होता, घोळ त्याच आकड्यात होता. बँकेचे साडेतीन टक्के म्हणजे सालाचेच असणार, पीक कर्जापेक्षाही स्वस्त, असं ते धरून चालले होते. मी विचारलं, "काका, आपल्या इकडे खाजगीत पैसे घेतले तर शेकडा किती पडते?" म्हणाले, "तीन. गरजवंत पाह्यला त पाच." "अन् तीन म्हणजे कसे, महिन्याचे का सालाचे?" "महिन्याचेच ना जी. माणूस खलास होते."

कार्डाचे साडेतीन टक्केही महिन्याचेच आहेत.

आपल्याकडे व्याज मोजायच्या दोन रीती आहेत. बँक सालाच्या टक्क्यांत बोलते, सावकार महिन्याच्या शेकड्यात. क्रेडिट कार्ड बँकेकडून येतं, त्यावर बँकेचं नाव असतं, पण त्याचा दर सावकारासारखा महिन्याचा लिहिलेला असतो. वर्षाचा आकडाही बिलावर कुठंतरी बारीक अक्षरांत असतो, ४२ टक्के वगैरे, पण तिथवर नजर जात नाही. बहुतेक कार्डांचा दर महिना ३ ते ३.७५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. शिवाय या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे साठ हजारांवर महिन्याचं व्याज २,१००, त्यावर कर ३७८, मिळून २,४७८ रुपये. शेकड्यात सांगायचं तर चार रुपये तेरा पैसे.

परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून किती व्याज घेता येतं? महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ सालचा. त्याखाली ठरलेल्या दरांप्रमाणे शेतकऱ्याच्या तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के, विनातारणावर १२. गावात प्रत्यक्ष काय चालतं ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे, पण कागदावर मर्यादा आहे. कार्डाला तशी मर्यादा नाही. वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये दिला होता. काकांची कार्डाशी झटापट चालू असतानाच, २० डिसेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. थकीत कार्डाइतकं महाग कायदेशीर कर्ज गावात दुसरं सहसा सापडायचं नाही.

बिलावरच्या दोन रकमा

प्रत्येक बिलावर दोन रकमा छापलेल्या असतात. एक पूर्ण देणं, दुसरी किमान देय रक्कम, साधारण एकूण बाकीच्या ५ टक्के. साठ हजारांवर तीन हजार. काका तेवढंच भरत होते आणि आपण हप्ता भरतोय असं समजत होते. पण तो हप्ता नव्हे. किमान रक्कम भरली की दंड लागत नाही, थकबाकीदार म्हणून नाव जात नाही, एवढंच. पहिल्या महिन्यात तीन हजारांतले २,४७८ व्याजात आणि करात गेले, मुद्दलातून सुटले ५२२.

दर महिन्याला ठरवून तीन हजारच भरत राहिलं तर साठ हजार फिटायला ४३ महिने लागतात आणि एकूण सुमारे १ लाख ३० हजार जातात. चार हजार भरले तर २४ महिने, सुमारे साडेपंच्याण्णव हजार. सहा हजार भरले तर १३ महिने आणि ७९ हजार. तीनाचे चार केले की साडेतीन वर्षांचं काम दोन वर्षांवर येतं, कारण वाढवलेला हजार पूर्णच्या पूर्ण मुद्दलाला लागतो. सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे बिल जी किमान रक्कम सांगेल तेवढीच भरणं. बाकी कमी झाली की तीही कमी होत जाते, आणि मग साठाचे तीस हजार व्हायलाच पाच वर्षांच्या वर लागतात.

दुसरी गोष्ट बिनव्याजी मुदतीची. कार्डावर ४५-५० दिवस व्याज नाही, असं विकणारा सांगतो. खरं आहे, पण मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल तरच. बाकी ठेवली की ती सवलत संपते, आणि नवी खरेदी केली त्याच दिवसापासून तिच्यावरही व्याज चालू. काका किराण्याच्या दुकानात कोड स्कॅन करून कार्डातूनच पैसे देत होते. रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं, त्यामुळं तालुक्याच्या दुकानापुरतं असलेलं कार्ड आता गावातल्या किराण्यापर्यंत आलंय. तेल, साखर, साबण, सगळं शेकडा चार रुपयांनी उधार. आमचा किराणेवाला वहीवर उधार देतो आणि व्याजाचं नावही काढत नाही. एटीएममधून कार्डावर रोख काढली तर एक दिवसाचीही सूट नाही, वर काढण्याचा आकार वेगळा. आणि "कार्ड घासा, दोन टक्के कापून नगदी देतो" म्हणणारा दुकानदार भेटला तर सरळ घरी यावं.

पहिलं काम म्हणून आम्ही यूपीआयमधून कार्ड काढून टाकलं. कार्ड काकूंनी गोदरेजच्या कपाटात ठेवलं, किल्ली त्यांच्याकडे.

महिन्याचं बजेट आपल्याला का बसत नाही

खर्च आटोक्यात आणायचे सल्ले इंटरनेटवर ढिगानं आहेत. पगाराचे अमुक टक्के घराला, अमुक टक्के बचतीला. आमच्याकडे पगारच नाही. पैसा येतो तो तीन वाटांनी, आणि प्रत्येक वाटेचा वेग वेगळा. काकांच्या घरचंच सांगतो, थोड्याफार फरकानं ते बहुतेकांचं निघेल.

पहिली वाट दुधाची, दर दहा दिवसांनी डेअरीचे पैसे. दुसरी सरकारी हप्त्यांची. पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून वर्षाला १२ हजार, दोन-दोन हजारांच्या तुकड्यांत. काकूंना लाडक्या बहिणीचे महिन्याला मिळतात ते वेगळे. तिसरी वाट पिकाची. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन, त्यानंतर कापूस, मग तूर. मोठा पैसा तोच, पण येतो वर्षात दोन-तीनदा, आणि यायच्या आधीच त्याच्यावर चार जणांची नावं लिहिलेली असतात.

म्हणून महिन्याचा तक्ता न करता आम्ही दोन वेगळे हिशेब मांडले. किमान रकमेपुरते तीन हजार दुधातून, न चुकता. आणि मुद्दल मोडायला पिकाचा पैसा.

दुधातून महिन्याला तीन हजार काढायचे तर घरखर्च आधी दिसायला हवा. काकूंनी शाळेची जुनी वही घेतली आणि बाजाराच्या दिवसाप्रमाणे आठवड्याची पानं पाडली. भाजीबाजार, किराणा, पेट्रोल, रिचार्ज, लाइट बिल, पोराची शिकवणी. मी लिहून घेत होतो. काकूंनी मध्येच थांबवलं, "खर्ऱ्याचं लिहा ना पह्यले." काका खिडकीतून बाहेर पाहायला लागले. तंबाखू-सुपारीचा खर्रा, दिवसाला दोन, तीस रुपयांचा एक, महिन्याला अठराशे. कार्डाच्या निम्म्याहून जास्त हप्ता गालात. खर्रा सोडायला सांगणारा मी कोण, पण आकडा वहीत गेला, आणि दोनाचा एक झाला. नऊशे रुपये तिथं निघाले. दोन मोबाइलचे रिचार्ज महिन्याचे होते, एकात कुणी डेटा वापरतच नव्हतं. पेट्रोल सर्वांत अवघड गेलं. तालुक्याला वेगवेगळ्या दिवशी पाच चकरा व्हायच्या, त्या बाजाराच्या दिवसाला बांधल्या.

आहेर हा आमच्याकडचा मोठा खड्डा आहे. एप्रिल-मे महिन्यांत लग्नं, आणि प्रत्येक लग्नात "त्यायनं आपल्याले किती केलं होतं" हे आठवून आहेर. तो कमी करा असं मी कुणाला सांगत नाही, गावात राहायचं असतं. पण लग्नं अचानक येत नाहीत. जानेवारीपासून दुधाच्या प्रत्येक पेमेंटातून शंभर रुपये डब्यात टाकले तर मे महिन्यात कार्ड काढायची पाळी येत नाही. महालक्ष्म्यांचं आणि दिवाळीचंही तेच.

लाडक्या बहिणीच्या पैशाला आम्ही हात लावला नाही. काकांचा डोळा होता त्यावर. मी म्हटलं, तो पैसा काकूंचा आहे, त्या देतील तर देतील. त्यांनी दिला नाही, आणि पुढं जनावर आजारी पडलं तेव्हा घरात रोख होती ती तेवढीच.

कार्डाला कुठल्याही दिवशी, कितीही वेळा पैसे भरता येतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तारखेची वाट पाहू नका. डेअरीचे पैसे आले की त्याच दिवशी हजार भरून टाका. व्याज दिवसावर मोजतात, त्यामुळं थोडा फायदा होतो. खरा फायदा हा की खात्यात पडून राहिलेला हजार तारखेपर्यंत टिकत नाही.

सोयाबीन निघाल्यावर

तीन एकरांत १८ क्विंटल झालं. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, काकांना बाजार समितीत ४,१०० मिळाला. आले ७३,८००. सोंगणी आणि थ्रेशरचे १३ हजार, कृषी केंद्राची उधारी २७ हजार, दिवाळी आणि घर मिळून १३,८००. कार्डाला २० हजार.

आधी उधारी की आधी कार्ड, यावर बराच खल झाला. इथंही शेकडाच कामाला येतो. औषधाची बाटली नगदी ९०० ला आणि उधारीत, पाच महिन्यांनी द्यायच्या बोलीवर, हजाराला मिळत असेल तर तिथं व्याज लपलेलं आहे. ९०० वर १००, पाच महिन्यांत. शेकडा सव्वादोनच्या थोडं खाली पडतं. कार्डाहून स्वस्त, तरी फुकट नाही. नुसत्या दरानं पाहिलं तर कार्ड आधी. पण कृषी केंद्रवाल्याचं थकवलं तर पुढच्या जूनमध्ये बियाणं कोण देईल? म्हणून उधारी पूर्ण दिली. दिवाळीतले पाच हजार तरी कार्डाला जायला हवे होते, असं मला अजून वाटतं. काकूंना तसं वाटत नाही.

नोव्हेंबरात वीस हजार भरल्यावर बाकी साडेएकोणचाळीस हजारांवर आली, आणि महिन्याचं व्याज २,३६० वरून १,६३२ वर. काकांना पहिल्यांदा काहीतरी हलल्यासारखं वाटलं. जानेवारीत कापसाचे १५ हजार भरले. मेच्या शेवटी बाकी राहिली १६,३००. त्यापुढं दर महिन्याच्या तीन हजारांतले सव्वादोन ते पावणेतीन हजार मुद्दलात जायला लागले. एकूण दीड वर्षात सुमारे ८४ हजार गेले. दर महिन्याला तीन हजारच भरत राहिले असते तर किती गेले असते ते वर आलंच आहे.

कर्जानं कर्ज फेडायचं का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि उत्तर सरसकट नाही. बँकेतलं सोनेतारण कर्ज वर्षाला १२ टक्क्यांनी मिळालं तर साठ हजारांवर महिन्याला ६०० रुपये व्याज, कार्डाच्या पाव. बचत गटात शेकडा एक किंवा दोननं मिळतं, तेही कार्डापेक्षा बरं. हिशेबानं बदलून घेणं शहाणपणाचं आहे. अडचण अशी की कार्ड रिकामं झालं की ते पुन्हा वापरलं जातं, आणि सहा महिन्यांनी सोनंही गहाण, कार्डही भरलेलं. मी हे दोन घरांत पाहिलं. कार्ड बंद करायची तयारी असेल तरच सोन्याकडे जा, आणि ज्या बाईचं सोनं आहे तिनं स्वतः हो म्हटलं असेल तरच. बँक स्वतःहून बाकी रकमेचे हप्ते पाडून देते, त्याचा दर कार्डाच्या मूळ दरापेक्षा कमी असतो. तो महिन्याचा शेकडा किती, प्रक्रिया शुल्क किती, हे आधी विचारून घ्या.

पीक कर्जाच्या पैशानं कार्ड फेडू नका. मोह होतो, कारण तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं असलेल्या व्याज सवलत योजनेमुळं जवळपास बिनव्याजी पडतं. पण तो पैसा जूनमध्ये कार्डात गेला की बियाणं-खत पुन्हा उधारीवर, आणि मुदत चुकली तर सवलतही गेली.

हप्ता थकला तर

भीती पैशापेक्षा मोठी असते. "सातबाऱ्यावर बोजा चढवतील का जी?" हे मला दबक्या आवाजात विचारलं जातं. कार्डाचं कर्ज विनातारण आहे. नुसतं थकलं म्हणून जमिनीवर बोजा चढत नाही, त्यासाठी बँकेला आधी कायदेशीर कारवाईची पायरी चढावी लागते. म्हणून नोटीस आली तर कपाटात टाकू नका, लोक अदालतीची असेल तर जा, तिथं रक्कम कमी करून घ्यायला वाव असतो. मात्र तडजोड केली की सिबिलच्या अहवालात "सेटल्ड" असा शेरा पडतो, आणि पुढं कर्ज मागताना तो नडतो.

एक सावधगिरी. कार्ड ज्या बँकेचं, त्याच बँकेत बचत खातं असेल तर थकलेली रक्कम त्या खात्यातून वळती करायचा हक्क बँकेनं बहुतेकदा अटींमध्ये लिहून ठेवलेला असतो. मजुरी द्यायला ठेवलेला कापसाचा पैसा असा एका रात्रीत जाऊ शकतो.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करू नये, धमकी देऊ नये, घरच्यांना किंवा ओळखीच्यांना गाठून अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सरपंचाला फोन करून तुमचं नाव सांगितलं तर तो नियमभंग आहे. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८. आणि तारीख एक-दोन दिवसांनी हुकली म्हणून घाबरू नका. तीन दिवसांच्या वर उशीर झाला तरच विलंब शुल्क लावता येतं. बाकी मोठी असेल तर ते हजाराच्या वर असतं, त्यामुळं चौथा दिवस उजाडू देऊ नये.

काकांनी २०२५ च्या नोव्हेंबरात शेवटचे ३,८०० आणि वर काही रुपये भरले आणि पेढे आणले. डिसेंबरात ते पुन्हा केंद्रावर उभे. बिल आलं होतं, ६४ रुपयांचं. "म्या त सारे भरले ना जी! आता हे काय नवीन?" बिल तयार झालं त्या तारखेपासून पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं व्याज होतं ते. शेवटचं बिल पूर्ण भरलं तरी असं शेपूट पुढच्या महिन्यात निघतं. ते राहिलं तर पुन्हा विलंब शुल्क लागून वाढत जातं. चौसष्ट रुपये तिथंच भरले, आणि त्याच बैठकीत कार्ड बंद करायचा अर्ज ईमेलनं पाठवला. बाकी शून्य असेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. काका सहाव्या दिवशी विचारायला आले, "नाई केलं बंद त बरं होईन का जी?" सकाळीच झालं होतं.